चांदी एवढी महागली, मग खाणवाले जास्त का काढत नाहीत?

रामबागची सून (सोमवार, नोव्हेंबर 2025, रात्री 10.40)

तुळशीचं लग्न लागलं, आता घरच्या लग्नाकडे बघायला हवं. फेब्रुवारीत नणंदेच्या मुलीचं आहे. "मामीकडून चांदीची समई" असं सासूबाईंनी ती पाचवीत असतानाच कबूल करून ठेवलंय. मला विचारलं नव्हतं, पण ते असो.

काल संध्याकाळी इंदूरच्या सराफ्यात गेले. दुकानाच्या पाटीवर चौरसा (चांदीची लगड), टंच, सिक्का असे तीन भाव. मागच्या दिवाळीत किलोला लाखाच्या आसपास होती, ती यंदा धनतेरसला दीड लाखाच्या कितीतरी वर गेली. आता जरा उतरलीये म्हणे. मला तरी समईचा आकडा ऐकून काही उतरल्यासारखं वाटलं नाही. तोवर दुकानं मिटायला लागली, खाण्याचे ठेले लागले, मी भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि रिकाम्या हाताने घरी आले.

प्रश्न असा. टोमॅटो महागला की पुढच्या हंगामात सगळे टोमॅटोच लावतात, मग रस्त्यावर फेकायची पाळी येते. चांदीचं असं का होत नाही? भाव दीडपट झाल्यावर खाणवाल्यांनी दोन पाळ्यांच्या तीन करायला नकोत? आमचे हे म्हणतात, "खाणी आटल्या." खरंच आटल्यात का?

पोहेजिलबी (सोमवार, रात्री 10.52)

वहिनी, कीस खाल्लात ना, मग रिकाम्या हाताने कुठे आलात. माझ्यापुरता प्रश्न सुटलेला आहे: पोह्यांवरच्या शेवेला चांदीचा भाव येईपर्यंत मी काळजी करणार नाही. ह. घ्या.

शंकासूर (सोमवार, रात्री 11.15)

खाणी वगैरे काही आटलेल्या नाहीत. लंडन-न्यूयॉर्कच्या बँका हातात नसलेली चांदी नुसती कागदावर विकतात आणि भाव हवा तसा हलवतात. यंदा कागद फाटला, एवढंच. यावर जास्त बोललं की लोक मला वेडा म्हणतात, म्हणून थांबतो.

चौरसा (मंगळवार, सकाळी 8.05)

शंकासूर भिया, तुम्ही थांबता असं दर वेळी म्हणता.

आमची तिसरी पिढी सराफ्यात, त्यामुळे वहिनींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मी देतो, अर्धं कोणी खाणीतलं माणूस असेल तर देईल. धनतेरसच्या आधीच्या आठवड्यात भाव हा प्रश्नच नव्हता, माल नव्हता. पैसे आधी भरून चौरस्याची बुकिंग, डिलिव्हरी आठ-दहा दिवसांनी. औंसाचा भाव पन्नास डॉलर ओलांडून गेला तो याच ऑक्टोबरात. याआधी तो त्या आकड्याला दोनदाच भिडला होता, 1980 च्या जानेवारीत आणि 2011 च्या एप्रिलमध्ये, आणि दोन्ही वेळा तिथूनच मागे फिरला. वडील सांगतात, 1980 मध्ये लोकांनी देवघरातली ताम्हनं आणून वितळवली होती. भाव पडल्यावर तेच लोक रडत आले.

आणि सांगून ठेवतो, चांदी कधी पूर्ण हरवत नाही. आमच्याकडे रात्री दुकान मिटताना उंबऱ्याशी झाडलेली धूळ कोणी फेकत नाही. ती पोत्यात जमते आणि झारेकरी ती विकत घेतो. धूळ! धुवून, गाळून, भट्टीत घालून तो त्यातून चांदी-सोनं काढतो. यंदा त्याने धुळीचाही भाव वाढवून दिला.

निवृत्त खाणकरी (मंगळवार, सकाळी 11.30)

ताई, टोमॅटोचा दाखला झकास, पण चांदीला तो लागत नाही. माझी नोकरी राजस्थानात शिसं-जस्ताच्या खाणींवर भूवैज्ञानिक म्हणून गेली. आता राजेंद्रनगरात नातवंडं सांभाळतो. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून गॅलेनाचा एक खडा ठेवलेला असतो. गॅलेना म्हणजे ज्यातून शिसं काढतात तो दगड. आकाराने पेरूएवढा, पण अनोळखी माणसाने उचलला की त्याचा हात खाली जातो, इतका जड. फोडला की चौकोनी ठोकळेच पडतात, आणि नुकत्या तुटलेल्या अंगावर आरशासारखी चमक. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "ही चांदी का?" नाही. ते शिसं. चांदी त्यात आहे, पण डोळ्यांना दिसत नाही. टनभर दगडात किती ग्रॅम, असा तिचा हिशेब.

जगातली बहुतेक चांदी अशीच निघते, दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून. मुख्य कमाई चांदीचीच, अशा खाणींतून येते ती पाव हिश्श्याहून थोडी जास्त. बाकी सगळी शिसं-जस्त, तांबं आणि सोन्याच्या खाणींतून. आता जस्ताची खाण चालवणारा वर्षाला किती दगड काढायचा हे मुख्यतः जस्त आणि शिशाच्या भावावर ठरवणार. चांदी ही त्याची वरकमाई. वरकमाई वाढली म्हणून कोणी नवा शाफ्ट खणत नाही.

उलटं मात्र होतं. 2015 मध्ये जस्ताचा भाव कोसळला तेव्हा ग्लेनकोर या खाणकंपनीने ऑस्ट्रेलिया, पेरू आणि कझाकस्तानातल्या खाणींचं मिळून वर्षाला पाच लाख टन जस्ताचं उत्पादन कमी केलं. त्या दगडात जी काही चांदी होती तीही खालीच राहिली. तिला कोणी विचारलं नाही.

आता आकडे. 2016 मध्ये जगभरच्या खाणींतून सुमारे 28,000 टन चांदी निघाली. तेव्हा भाव वर्षाच्या सरासरीने औंसाला सतरा डॉलर. 2024 मध्ये निघाली सुमारे 25,500 टन. म्हणजे भाव चढत गेला आणि माल नऊ टक्क्यांनी कमी झाला. टोमॅटोवाला असं कधी करणार नाही.

शंकासूर (मंगळवार, दुपारी 12.10)

काका, आदर आहे, पण आकडा फुगलाय. 2024 चं उत्पादन 82 कोटी औंस असं मी वाचलं. औंस म्हणजे 28.35 ग्रॅम. गुणाकार करा, 23,250 टन होतात. मधले सव्वादोन हजार टन कुठून आणले?

चौरसा (मंगळवार, दुपारी 12.25)

भिया, तो किराण्याचा औंस झाला. सोन्या-चांदीचा औंस वेगळा, 31.1 ग्रॅमचा. काकांचा आकडा बरोबर आहे. या हिशेबाने माझ्याकडून चांदी विकत घ्यायला आलात तर मात्र मी काही बोलणार नाही.

शंकासूर (मंगळवार, दुपारी 12.40)

मान्य. कागद फाटल्याचा मुद्दा मात्र कायम.

रामबागची सून (मंगळवार, दुपारी 3.20)

काका, पोटभाडेकरू कळला. पण मग ज्या पाव हिश्श्याच्या स्वतःच्या घरात राहतात त्या खाणींचं काय? त्यांना तर भाव वाढला की आनंद व्हायला हवा. आणि आपल्या देशात निघते का चांदी? मला वाटायचं सगळी बाहेरूनच येते.

निवृत्त खाणकरी (मंगळवार, संध्याकाळी 6.45)

आधी आपलं सांगतो, कारण ते मी पायाखाली बघितलंय. भारतातली जवळजवळ सगळी खाणीची चांदी राजस्थानातली आणि हिंदुस्थान झिंक कंपनीची: उदयपूरजवळचं जावर, राजसमंद जिल्ह्यातलं सिंदेसर खुर्द, भीलवाड्याचं रामपुरा आगुचा. सिंदेसर खुर्दची गणना जगातल्या मोठ्या चांदीच्या खाणींत होते, आणि तीही मुळात शिसं-जस्ताचीच खाण.

काढतात कशी ते बघण्यासारखं आहे. दगड पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवायचा, रसायन टाकून खालून हवा सोडायची. गॅलेनाचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात. टाकीवर राखाडी, चकचकीत फेस जमतो, हात लावला की बोटाला काजळासारखा लागतो. तो फेस म्हणजे शिसं, आणि त्याच्या पोटात चांदी. पुढे भट्टीत शिसं वितळवून त्यात जस्त मिसळायची एक जुनी पद्धत आहे, 1850 च्या सुमाराची. चांदीला शिशापेक्षा जस्त जवळचं. ती शिसं सोडून जस्ताबरोबर वरच्या सायीत जाते. साय काढायची, जस्त वाफेने उडवायचं, उरलेल्यातून चांदी शुद्ध करायची. शेवटची विटेची चांदी होते ती उत्तराखंडात पंतनगरला.

तरी बघा, 2023-24 मध्ये कंपनीने 746 टन काढली आणि 2024-25 मध्ये 687 टन. भाव चढत्या वर्षात साठ टन कमी! कोणी आळस केला असं नाही. त्या वर्षी जो दगड हाती आला त्यात जेवढी होती तेवढी निघाली. आणि देशाची भूक केवढी? 2024 मध्ये आपण साडेसात हजार टनांच्या वर आयात केली. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं, त्यानेही हात सैल झाला.

आता स्वतःच्या घरातल्यांबद्दल. चांदीत पहिला नंबर मेक्सिकोचा, वर्षाला सहा हजार टनांच्या आसपास, जगाच्या चौथ्या हिश्श्याजवळ. मग चीन आणि पेरू. मेक्सिकोत साकातेकास नावाचा प्रांत आहे, तिथे सोळाव्या शतकापासून चांदी काढताहेत. साडेचारशेहून जास्त वर्षं एकाच विहिरीतून पाणी शेंदल्यावर पाणी खोल जाणारच. 2023 च्या मे महिन्यात तिथला खाणकायदा बदलला, परवान्याची मुदत 50 वर्षांवरून 30 वर आली. त्याच वर्षी पेनास्कितो ही प्रचंड खाण संपामुळे चारेक महिने बंद होती. आणि नवी खाण म्हणाल, तर तिथलीच हुआनिसिपिओ घ्या. शिरा सापडल्या या शतकाच्या पहिल्या दशकात, व्यापारी उत्पादन सुरू झालं 2023 मध्ये. तुमच्या भाचीला पाचवीत कबूल केलेली समई लग्नात मिळते, त्याहूनही उशीर.

ग्वाटेमालातली एस्कोबाल तर 2017 पासून बंद आहे. तिथल्या शिंका आदिवासींशी नीट सल्लामसलत झाली नाही म्हणून कोर्टाने थांबवली. त्या एका खाणीतून वर्षाला सहाशे टनांच्या वर निघायची, म्हणजे जवळपास आपल्या देशाएवढी. ती चांदी कुठे गेलेली नाही, डोंगरातच आहे. म्हणून "खाणी आटल्या" हे अर्धंच खरं. आटल्यात त्यापेक्षा अडल्यात जास्त. आणि माझं मत विचाराल तर ज्यांच्या पाण्याखालून, देवाखालून खणायचं त्यांना विचारायलाच हवं होतं.

एक गंमत राहिली. भाव चढला की खाणवाला पूर्वी परवडत नसलेला हलका दगडही काढायला लागतो, कारण आता त्यातही पैसे सुटतात. खाणीचं आयुष्य वाढतं. पण गिरणी तीच, दळणाची ताकद तीच, आणि टनामागे चांदी कमी. म्हणजे भाव वाढल्यामुळे त्या वर्षीची चांदी कमी निघाली असंही होऊ शकतं.

पोहेजिलबी (मंगळवार, रात्री 8.00)

काका, तो शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. आमच्या चक्कीवाल्याचं असंच आहे. गहू महागला की तो खडे वेचायचं बंद करतो.

दहेजवाला (मंगळवार, रात्री 9.35)

मी बडोद्याचा, माहेर इंदूरचं असं आमची ही म्हणते म्हणून या धाग्यावर. काकांनी तांब्याचा उल्लेख केला, तिथलं मी सांगतो. भरूच जिल्ह्यात दहेजला तांब्याचा मोठा कारखाना आहे, माझी अर्धी नोकरी तिथल्या टँकहाउसमध्ये गेली. तांब्याची जाड अशुद्ध पाटी ॲसिडच्या हौदात टांगतात, वीज सोडतात. शुद्ध तांबं समोरच्या पाटीवर जाऊन बसतं, आणि जे विरघळत नाही ते तळाशी गाळ होऊन पडतं. काळपट चिखल. पहिल्या दिवशी मला वाटलं गटार तुंबलंय. आमच्या साहेबांनी सांगितलं, "त्या चिखलात पाय घालून घरी जाऊ नकोस, चोरी समजली जाईल." त्यात चांदी असते, सोनंही.

गंमत म्हणजे तांब्याची बारीक मळी (दळून निवडलेला तांब्याचा दगड) बहुतेक परदेशी खाणींतून जहाजाने येते. म्हणजे चांदी निघाली गुजरातेत, पण दगड दुसऱ्याच देशाचा. भारताच्या खाणींच्या आकड्यात ती दिसणार नाही.

चौरसा (मंगळवार, रात्री 10.10)

म्हणजे दहेजवाले, तुम्हीही झारेकरीच निघालात!

छतावरचा सूर्य (बुधवार, सकाळी 9.15)

सगळे खाणीबद्दल बोलताहेत, मी खाणाऱ्याबद्दल बोलतो. छतावर सोलर बसवून देण्याचा माझा धंदा आहे, सुदामानगर ते राऊ. पॅनलच्या निळ्या-काळ्या काचेवर बारीक पांढऱ्या रेघा दिसतात ना? त्या चांदीच्या. चांदीची पेस्ट छापून भाजतात. एका पॅनलमध्ये काही ग्रॅमच, पण पॅनल किती लागताहेत ते बघा. 2024 मध्ये जगात सोलरने सहा हजार टनांच्या वर चांदी खाल्ली. आपल्या इंदूर महानगरपालिकेने 2023 मध्ये बाँड काढून पैसे उभे केले ते जलूदच्या 60 मेगावॉटच्या सोलर प्लांटसाठी, नर्मदेचं पाणी वर चढवायच्या विजेसाठी. म्हणजे यापुढे तुमच्या नळाच्या पाण्यातही थोडी चांदी आहे असं समजा.

कंपन्या रेघा बारीक करताहेत, तांबं वापरून बघताहेत. पण ग्राहक मला अजून विचारतो, "वॉरंटी 25 वर्षं ना?" त्याला तांब्याचा प्रयोग सांगायची माझी हिंमत नाही.

जुना स्टुडिओ (बुधवार, सकाळी 11.00)

एके काळी फोटो खायचे तशी. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, वापरलेलं हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) आम्ही कॅनमध्ये साठवायचो आणि महिन्यातून एकदा सायकलवर एक माणूस येऊन ते विकत घेऊन जायचा. त्यातून तो चांदी काढायचा. आम्हाला दहा-वीस रुपये मिळायचे, त्यात कचोरी यायची. डिजिटल आलं आणि तो माणूस यायचा बंद झाला. तेव्हा लोक म्हणायचे, आता चांदीला कोण विचारतंय.

शंकासूर (बुधवार, दुपारी 1.30)

मग साधा हिशेब मांडा. खाणीतून 25,500 टन. लागते किती?

निवृत्त खाणकरी (बुधवार, दुपारी 4.50)

2024 ला एकूण मागणी 36,000 टनांच्या थोडी वर. खाणीतून 25,500, जुनी मोड वितळवून सुमारे 6,000. तूट साडेचार हजार टनांच्या वर. आणि अशी तूट 2021 पासून दर वर्षी पडतेय. ती भरून निघते तळघरांतल्या जुन्या विटांतून. म्हणून ऑक्टोबरात लंडनला हातात देता येईल असा माल कमी पडला आणि न्यूयॉर्कहून विमानाने विटा आणाव्या लागल्या. शंकासूर, कागद फाटला म्हणता तो इथे, पण कागदामागे दगडही कमी पडलाय हे लक्षात घ्या. दोन्ही खरं.

तातडीने वाढू शकतो तो पुरवठा एकच, मोडीचा. खाणीला दहा-पंधरा वर्षं लागतात, मोडीला एक दुपार. 1980 ला चांदी साठवणाऱ्या अमेरिकेतल्या हंट बंधूंनी भाव पन्नासला नेऊन ठेवला आणि 27 मार्चला तो अकरा डॉलरच्या खाली आला. त्यामागे बाजाराचे बदललेले नियम होते, कर्ज होतं, पण घराघरांतून वितळायला आलेली भांडीही होती. चौरसांच्या वडिलांनी बघितलंय ते हेच.

चौरसा (बुधवार, रात्री 9.00)

वहिनी, म्हणूनच सांगतो. कपाटात काही मोड असेल तर बघा, समईचा भार हलका होईल. फक्त दोन गोष्टी. नुसत्या नजरेने टंच (शंभरात शुद्ध चांदी किती) सांगणाऱ्याला देऊ नका, समोर वितळवून घ्या. आणि नवी समई हॉलमार्कची मागा. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीवरही सहा अक्षरांचा युनिक क्रमांक यायला लागलाय. सक्ती नाही, पण मागितला तर मिळतो.

रामबागची सून (शनिवार, रात्री 9.50)

सगळ्यांचे आभार, आता अहवाल देते. कपाटात सासूबाईंच्या सासूबाईंचा तांब्या होता. बुडाशी गळका, म्हणून वीसेक वर्षं वापरात नाही. परवानगी काढायला दोन दिवस गेले.

पहिल्या दुकानात (नाव सांगत नाही) त्यांनी हातात घेऊन, न घासता, न कापता सांगितलं, "साठ टंच." मी चौरसा भाऊंचं वाक्य मनात म्हणत उठले. दुसऱ्या ठिकाणी माणसाने छिन्नीने बुडाचा नखाएवढा तुकडा काढला, चिमट्यात धरून बर्नरवर लाल केला. बाहेर काढल्यावर तो कडेने काळा पडला. म्हणाले, तांबं आहे. मग काठाचा तुकडा घेतला, तो बराच पांढरा राहिला. बुडाला पूर्वी कधीतरी डाख दिलेला, त्यात भर होती. शेवटी सगळा तांब्या मुशीत गेला. मी समोर बसून होते. त्याची मान, मग पोट बसलं, आणि मग तांब्या असा काही उरलाच नाही, नुसता एक हलणारा आरसा. वजन 412 ग्रॅम होतं, वितळून 405 भरलं, टंच 81. म्हणजे 328 ग्रॅम शुद्ध चांदी. नजरेने सांगणाऱ्याच्या हिशेबात ऐंशी ते पंच्याऐंशी ग्रॅम गेली असती.

समई ठरवली, विचार केला होता त्याहून एक बोट बुटकी. क्रमांक असलेली.

निवृत्त खाणकरी (शनिवार, रात्री 10.20)

शाबास. 2025 च्या जागतिक पुरवठ्यात तुमचे 328 ग्रॅम धरले जातील. सिंदेसर खुर्दला तेवढ्यासाठी दोन-तीन टन दगड फोडावा लागला असता.

रामबागची सून (शनिवार, रात्री 10.45)

हे वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "जगाचं राहू दे, तांब्याबरोबर फुलपात्र होतं, ते कुठे ठेवलंस?"

शोधतेय.